रिकामी पिशवीही परत द्यायची असते

३ मार्च, सोमवार

आज खिडकी उघडली. खिडकी म्हणजे खरीच खिडकी, माझ्या पुढच्या खोलीची, रस्त्याकडची, गजांची. वर मारिसेलिसबाईंनी सुबक अक्षरांत पाटी रंगवली: ‘इदालबेर्तो. घरांची अदलाबदल.’ तारुण्यात मी लायटर भरले, गाद्यांच्या स्प्रिंगा ठोकल्या, आणि नंतरची तीस वर्षं चौकातल्या बाकावर बसून लोकांची घरं बदलून दिली. कामाग्वे शहरातल्या निम्म्या घरांच्या मोऱ्या मला पाठ आहेत. घटस्फोट झाला की एकाची दोन घरं हवीत, लग्न ठरलं की दोनांचं एक. सगळं कानात ठेवलं, कागद कधी केला नाही.

ही वही बाईंनीच दिली. सव्वीस वर्षं बँकेत संगणकावर काम केलं, निवृत्त होताना चार कोऱ्या वह्या उचलून आणल्या. म्हणाल्या, “आता कानात मावणार नाही, इदालबेर्तो. अख्ख्या बेटावरची घरं येणार आहेत.”

खरंय. हवानात कुणाच्या तरी माडीवर एक शोधाचा सर्व्हर बसलाय. त्याच्या पोटात म्हणे सगळ्या देशातली बदलायची घरं आहेत. विचारलं की सांगतो.

एकच अडचण. बाई महिनाअखेरपर्यंतच आहेत. एकतीस तारखेच्या बसने हिबाराला, बहिणीकडे. समुद्राकडची खोली तयार ठेवलीय म्हणे बहिणीने. “तोवर तुम्ही शिकून घ्या.”

मी शिकेन. पण सावकाश. किती सावकाश, ते माझ्या हातात आहे.

५ मार्च

अठ्ठावीस माणसं आली, चौघांचं काम झालं. वीज येते, संगणकाला जोडणी येते, बाई एकाचा प्रश्न पाठवतात, तो हवानाला जातो, तिथे बहुतेक कॉफी पितो, मग रमतगमत परत येतो. मग दुसऱ्याचा. पाचव्याचा प्रश्न वाटेत असताना वीज गेली. लोक उठले ते माझ्या आईचा उद्धार करत. माझी आई गेली बिचारी अठ्ठ्याण्णव साली, तिला अजून सुट्टी नाही.

६ मार्च

बाईंनी तोडगा काढला. प्रश्न एकेक पाठवायचे नाहीत. सगळ्यांचे एका गठ्ठ्यात बांधायचे आणि एकाच खेपेत पाठवायचे. सर्व्हर एका वेळी बत्तीस घेतो. उत्तरंही एकाच गठ्ठ्यात येतात, आणि ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने.

“आणि एखाद्याचा प्रश्न चुकला तर? सगळ्यांचं मुसळ केरात?”

“नाही. त्याच्या जागी ‘चुकलं’ असं येतं. बाकीच्यांची उत्तरं जिथल्या तिथे.”

मी म्हटलं, म्हणजे आपल्या गल्लीचा पाव! एकजण सगळ्यांच्या पिशव्या आणि रेशनची पुस्तकं घेऊन जातो, एकदाच रांगेत उभा राहतो, ज्याची त्याची पिशवी भरून आणतो.

“तेच,” बाई हसल्या. “सव्वीस वर्षांत बँकेत कुणाला इतकं पटकन कळलं नव्हतं.”

चूक झाली माझी. इतकं पटकन कळून चालणार नव्हतं. लगेच विचारलं, “पण ही कळ कोणती दाबायची म्हणालात?”

गठ्ठ्यात पहिला प्रश्न बाई स्वतःचा घालतात. म्हणजे नमुन्याचा. सर्व्हर जागा आहे की नाही ते बघायला, म्हणाल्या. मी वाचला: ‘दोनांचं एक. देतो: सिस्नेरोस गल्लीत माडीवरची खोली, सकाळच्या उन्हाच्या दोन खिडक्या, आणि पोब्रे गल्लीत तळमजल्याचं घर, अंगण, एक रांजण. हवं: एकच घर, अंगण, दक्षिणेला खिडकी, रस्त्याकडे बसायला ओटा, पायऱ्या तीनच्या वर नकोत.’

माडीवरची खोली बाईंची. पोब्रे गल्लीतलं घर माझं!

“अहो, नमुन्याला माझंच घर सापडलं?”

“पत्ता पाठ होता,” म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या.

संगणकवाल्यांना कल्पनाशक्ती नसते. आणि असल्या अटींना उत्तर कसलं येणार? पहिली जागा रिकामीच आली. बाकी सव्वीस जणांचं काम पाऊण तासात फत्ते.

१० मार्च

आता गाडी रुळावर आहे. लोक येतात, विचारतात “शेवटचं कोण?”, शेवटचा हात वर करतो, नवा माणूस त्याला डोळ्यांत भरून घेतो आणि मग सावलीत कुठेही जाऊन बसतो. उभं कोणी राहत नाही, पण क्रम सुईच्या टोकाएवढा पक्का. त्याच क्रमाने बाई प्रश्न लिहून घेतात, वीज आली की गठ्ठा पाठवतात, कागद छापतात. एका ओळीत एक उत्तर. पहिली ओळ नमुन्याची, ती सोडायची, आणि दुसरीपासून मी खिडकीतून मोठ्याने वाचतो. नाव नाही, आकडा नाही. ज्याची पाळी त्याची ओळ.

रांगेला मी वाटाणे मिसळलेली कॉफी देतो. बाईंना निर्भेळ. निर्भेळ कुठून आणतो ते या वहीतसुद्धा लिहिणार नाही.

रोज एक कळ शिकतो आणि दोन विसरतो. बाई म्हणाल्या, “तुम्हाला अख्ख्या शहराच्या मोऱ्या पाठ आहेत आणि पाच कळा राहत नाहीत?”

“मोरीला वास असतो बाई. कळेला काय आहे?”

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. पकडलं असावं.

१४ मार्च

‘काही नाही’ वाचायचा मला कंटाळा आलाय. ओब्दुलिया म्हातारी आठ दिवस रोज येते. अठ्ठ्याहत्तर वय, कंबर मोडकी, तिसऱ्या मजल्यावर राहते, तिला तळमजला हवा. रोज तिची पाळी आली की मला सगळ्यांदेखत म्हणावं लागतं, “ओब्दुलिया, काही नाही.” ती म्हणते, “पोरा, हे मला माझा नवरा चाळीस वर्षं सांगत होता, त्यासाठी इथवर यायला नको.” रांग हसते, पण हसून झाल्यावर दोघंतिघं उठून जातात. धंद्याला हे बरं नाही.

बाईंना सांगितलं, रिकामी उत्तरं छापूच नका. भरलेली तेवढी छापा. दुकानदार कधी रिकामी बरणी पुढे मांडतो का?

“रिकामं तेही उत्तरच असतं, इदालबेर्तो. ते काढलं तर...”

“ते कोणाला हवंय, बाई? तुमच्या नमुन्याचंच घ्या. रोज रिकामं. काय उपयोग?”

त्या पडद्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तसं.” दोन मिनिटांत करून दिलं. कॉफी मात्र अर्धी तशीच ठेवली. निर्भेळ!

१७ मार्च, सोमवार

बाई सकाळी गठ्ठा पाठवून, कागद छापून बस स्थानकावर गेल्या, हिबाराच्या यादीत नाव घालायला. म्हटलं काळजी नको, वाचून मी दाखवतो. मला येतं. म्हणजे, तेवढं येतं.

आणि काय दिवस उजाडला! एकही ‘काही नाही’ नाही. पहिली ओळ नमुन्याची म्हणून नेहमीप्रमाणे सोडली आणि दुसरीपासून वाचत सुटलो. रांगेत पहिले होते एवेलियो आणि मिग्दालिया. चार वर्षांपूर्वी घटस्फोट, पण घर एकच, मध्ये कपाट आडवं लावून दोघं दोन बाजूंना राहतात. एकाची दोन घरं हवीत. त्यांना वाचून दाखवलं: तळमजला, एक खोली, दवाखान्याजवळ. मग ओब्दुलिया: गच्ची, पाचवा मजला, हवेशीर. मग कबुतरवाला विल्बेर: जाड भिंती, खिडकी नाही, आवाज बाहेर जात नाही. त्याच्या मागे ट्रंपेटवाला.

थोडं विचित्र वाटलं, खोटं कशाला लिहू? पण सर्व्हर हवानाचा. आपण कामाग्वेवाले. त्यांना जास्त कळत असेल.

शेवटच्या माणसाला ओळ उरली नाही. त्याला दोन कप कॉफी पाजली.

१८ मार्च

आठ वाजता सगळे दारात.

मिग्दालिया पुढे. “मध्ये कपाट आहे म्हणून आम्ही जिवंत आहोत! आणि तुम्ही एका खोलीत पाठवता? कपाटसुद्धा मावत नाही तिथे!”

एवेलियो म्हणाला, “खोली बरी आहे. ही नसती तर.”

“मी पहाटे सहालाच गेले होते, याच्या आधी बघून यावं म्हणून. तर हा साडेपाचपासून तिथे बसलेला!”

विल्बेर टोपी आपटून म्हणाला, “खिडकी नाही, कोंपाय, दोस्ता! बत्तीस कबुतरं काय किल्लीच्या भोकातून उडवू?”

ट्रंपेटवाल्याचं तर मी लिहीतच नाही. त्याला बालवाडीच्या डोक्यावरची खोली मिळाली होती.

आणि ओब्दुलिया. एकाहत्तर पायऱ्या. चढली! वर गेली, गच्चीवरचं कबुतरांचं खुराडं बघितलं, खुराड्याच्या मालकाने दिलेलं पाणी प्यायली आणि उतरली. मला वाटलं आता काठी पडणार. ती माझ्याच खुर्चीत बसली आणि म्हणाली, “काय वारा होता रे वर! मरायला उत्तम जागा आहे. राहायला नाही.”

सगळ्यांना शब्द दिला, उद्यापर्यंत उलगडा करतो. तीस वर्षांत माझ्या कानाने एक घर इकडचं तिकडे केलं नव्हतं.

१९ मार्च

बाईंनी कागद हातात घेतला. मी हवानाला शिव्या देत होतो. उलगडा केला ओब्दुलियाने. ती रांगांमध्येच म्हातारी झाली आहे. म्हणाली, “पोरा, यात कसला सर्व्हर आणि कसलं काय. तुझ्या रांगेतून कुणीतरी निघून गेलंय आणि मागच्याला सांगितलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? मी रांग सोडली तर मागच्याला सांगून जाते, बाबा, तू आता त्या निळ्या सदऱ्याच्या मागे. न सांगता गेले की मागचे सगळे आंधळे. कुणालाच आपल्या पुढे कोण ते माहीत नाही, आणि जो तो दुसऱ्याचा पाव घेऊन घरी!”

मी कागद बघितला आणि डोक्यात उजेड पडला. नमुन्याची ओळ रिकामी होती. माझ्याच हुकमाने ती छापली गेली नाही. आणि मी सवयीने पहिली ओळ सोडली, ती होती एवेलियो-मिग्दालियाची. पुढे सगळ्यांना मागच्याचं गेलं. ओब्दुलियाचा तळमजला एवेलियोला, विल्बेरची गच्ची ओब्दुलियाला.

“तो नमुना न सांगता निघून गेला तर!” मी म्हटलं.

“निघून नाही गेला,” बाई म्हणाल्या. “तुम्ही घालवलात.”

ओब्दुलिया एकदा त्यांच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. “पावाला गेलेल्याने रिकामी पिशवी फेकून दिलेली कधी ऐकलीय का? पाव नसला तरी पिशवी परत द्यायची असते. ज्याची त्याला.”

झालं. आता प्रत्येक ओळीला आकडा आणि नाव, आणि रिकामी ओळही रिकामी म्हणून छापायची. ओब्दुलियाला दवाखान्याजवळचा तळमजला मिळाला, विल्बेरला गच्ची, आणि एवेलियो-मिग्दालियाला दोन टोकांना दोन खोल्या. मिग्दालियाने विचारलं, कपाट कुणाचं?

धडा मिळाला तसा मी आणखी शहाणपणा केला. “बाई, सगळ्या गोंधळाचं मूळ तो नमुना. तो काढूनच टाका. सर्व्हर जागा आहे ते आता कळतंच.”

“काढते,” म्हणाल्या. “तसंही मीच निघाले आहे.”

ओब्दुलियाने जाताना माझ्या डोक्यावर काठीने टकटक केलं. दारावर करतात तसं.

२४ मार्च

नमुना नाही. गठ्ठा एकने हलका. काम बिनचूक चाललंय. बाई कमी बोलतात. मी पाचही कळा विसरून दाखवल्या, तरी शिकवताना रागावल्या नाहीत. हे वाईट लक्षण आहे.

२७ मार्च

बाई सामान बांधताहेत, म्हणून आज पहिल्यांदा एकट्याने गठ्ठा पाठवला. अर्थात मला येतं. पहिल्याच आठवड्यापासून येतं.

बोट पहिल्या जागेवर थबकलं. रमची बाटली उघडली की पहिला घोट कोपऱ्यात ओततात, संतांना. तो न ओतता प्यायला कसंतरी वाटतं, तसं झालं. म्हटलं घालूच नमुना. तोंडपाठ होता.

पण लिहिता लिहिता माझ्यातला धंदेवाला जागा झाला. बाई हुशार, पण सौदा मांडता येत नाही. ‘एक रांजण’ काय नुसतं? माझा रांजण आजोबांच्या वेळचा आहे, दोन माणसं आत बसतील, पावसाचं पाणी मेपर्यंत थंड राहतं. लिहिलं. त्यांच्या दोन खिडक्यांतून सकाळी ऊन येतं ते आधी शिलाईमशीनवर पडतं आणि नऊ वाजता भिंतीवरच्या तसबिरीवर. शिजवलेल्या घेवड्याचं भांडं त्यांना पोचवायला जातो तेव्हा बघितलंय. तेही लिहिलं. आणि अटी! एका पायरीपायी सौदा अडवायचा नसतो. तीनच्या जागी चार केलं. कुणाच्या गुडघ्याची एवढी काळजी लागली होती बाईंना कोण जाणे. त्या तर हरणासारख्या चढतात. गुडघा दुखतो तो माझा.

२९ मार्च, शनिवार

काल वीज नव्हती, उत्तरं आज आली. एकोणतीस. सगळ्यांत वर, पहिल्या जागी, ओळ भरलेली.

आनंदाने ओरडलोच. वरची ओळ कधी वाचत नाही, आज खिडकीत उभा राहून अख्ख्या रांगेला वाचून दाखवली. “काय सौदा आहे ऐका! ला कारिदाद वस्तीतलं घर, अंगण, दोन रांजण, दक्षिणेला खिडकी, रस्त्याकडे ओटा, पायऱ्या चार. मालकांच्या मुलाचं लग्न झालंय, त्यांना एकाची दोन हवीत. एक माडीवरची खोली, एक तळमजला. तंतोतंत! याला म्हणतात धंदा!”

कुणी टाळ्या वाजवेना.

“आणि कुणाचं आहे ते?” ओब्दुलियाने विचारलं. तिचं घर होऊन दहा दिवस झाले, तरी रोज येऊन बसते, करमणूक म्हणून.

“कुणाचं नाही. नमुना आहे.”

विल्बेर म्हणाला, “कोंपाय, भिंतीपलीकडचा नवरा-बायकोचा तंटा ऐकून तुम्ही सांगता, महिन्यात एकाची दोन घरं लागतील. आणि हे ऐकू येत नाही?”

“दोनांचं एक कोण मागतं रे?” म्हातारी मला म्हणाली, लहान पोराला विचारतात तसं. “तूच सांग. तीस वर्षं धंदा केलास.”

लग्न ठरलेली माणसं मागतात.

मी खिडकी लावून घेतली. आतून मला त्यांचं हसणं ऐकू येत होतं. कान चांगले आहेत माझे.

३० मार्च

घर न बघता मी कधी कुणाला सुचवलं नाही. गेलो. पायऱ्या चार, चौथी थोडी उंच. खिडकीखाली शिलाईमशीन मावेल, हाताने मोजलं. ओट्यावर बसून बघितलं. समोर भाजीची गाडी लागते, शेजारी एक विधवा आणि तिची दोन भांडखोर लेकरं. ऐकायला पुष्कळ आहे.

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. असा ठोंब्या मी आयुष्यात पाहिला नाही.

३१ मार्च

स्थानकावर हिबाराच्या रांगेत शंभरेक माणसं, बाकांवर, सामानावर, झाडाखाली. मी दारातच ओरडलो, “शेवटचं कोण?”

कोपऱ्यातून हात वर झाला. बाई पुस्तक वाचत होत्या, मान वर न करताच हात केला होता. मग बघितलं.

“मी. तुम्ही कुठे निघालात?”

“ठरायचंय.” जाऊन त्यांच्या मागे उभा राहिलो. कागद पुढे केला. “पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलंय. नावासकट छापलंय बघा, तुमच्याच पद्धतीने.”

त्यांनी कागद वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. ट्रंपेट वाजला असता तरी मला ऐकू आला नसता.

“हा प्रश्न मी काढला होता.”

“मी परत घातला.”

“एकट्याने? कळा आठवल्या?”

“पाचही. सहा तारखेपासून आठवताहेत.”

“सातला मला कळलं होतं,” त्या म्हणाल्या. मग बोट कागदावर एका जागी थांबलं. “पायऱ्या चार आहेत. मी तीन लिहिल्या होत्या. तुमच्या गुडघ्यासाठी.”

“एक मी वाढवली. गुडघ्याला समजावीन.”

तेवढ्यात एक टोपीवाला धापा टाकत आला. “शेवटचं कोण?”

मारिसेलिस उठली. पुस्तक पिशवीत टाकलं, पिशवी माझ्या हातात दिली. आणि त्या माणसाला नीट समजावून सांगितलं, “तिकडे पिवळ्या छत्रीवाल्या बाई दिसतात ना? तुम्ही आता त्यांच्या मागे. आम्ही दोघं निघालो.”